धंद्यासाठी वकील बघताय? पहिल्या भेटीचे अनुभव इथे लिहा

नमस्कार मंडळी,

जागेच्या भांडणासाठी वकील हवा म्हटलं की आपल्याकडे कोणीही दोन नावं पटकन सांगतो. पण धंद्याच्या कामासाठी वकील कसा शोधायचा, पहिल्यांदा भेटायला जाताना काय न्यायचं, काय विचारायचं, यावर फारसं कोणी बोलत नाही. बहुतेक छोटे उद्योजक सगळं सीएला विचारून चालवतात, आणि सीए कितीही चांगला असला तरी करारातली कलमं वाचून देणं हे त्याचं काम नाही. त्यात वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियम ३६ ने बंदी आहे, त्यामुळे सगळं ओळखीपाळखीवर चालतं. म्हणून हा धागा. वकिलांची नावं आणि नंबर नकोत, काय घडलं आणि काय उपयोगी पडलं ते लिहा. सुरुवात मीच करते.

आमचं भोसरीला फॅब्रिकेशनचं युनिट आहे, मी आणि मिस्टर दोघं बघतो. एका मोठ्या कस्टमरकडे पैसे अडकले होते. ज्या वकीलबाईंकडे गेलो त्यांनी भेटीआधीच मेल करून सांगितलं की एका पानावर तारखावार लिहून आणा, बाकी गोष्ट नको. मग बसून लिहिलं, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर कधी आली, माल कधी गेला, मालासोबतच्या चलनवर त्यांच्या गेटचा शिक्का आहे का, बिल कधीचं, शेवटचे पैसे कधी आले, शेवटचा मेल काय होता. ते पान बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, कधीची आहे? मालाच्या आधीची की नंतरची? कारण २००६ च्या एमएसएमई कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज आहे. माल गेल्यानंतर रजिस्ट्रेशन केलेलं असेल तर त्या व्यवहाराला हे मिळवताना फार अडचण येते. आमचं आधीचं होतं.

दुसरा प्रश्न, त्यांनी कधी माल रिजेक्ट केलाय का? केला होता, थोड्या पीसेसचे पैसे कापल्याची त्यांची डेबिट नोट होती आणि ती आम्ही फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवली होती. मॅडम म्हणाल्या हे आत्ता कळलं ते बरं झालं, समोरचा पहिलं हेच काढणार. आणि ज्या कागदावर त्या सगळ्यात जास्त वेळ थांबल्या तो आम्हाला किरकोळ वाटला होता, त्यांच्या अकाउंट्सवाल्याने सही-शिक्का मारून दिलेलं बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे आमचे इतके पैसे देणं बाकी आहे असं पत्र. वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण ती संपायच्या आत देणेकऱ्याने लेखी कबुली दिली तर तिथून मुदत नव्याने सुरू होते. तेव्हा दरवर्षी मार्च एंडला असं कन्फर्मेशन मागून घ्या खरंच, भांडण असो वा नसो.

मसालेवाली, नाशिक

मी ब्रँडच्या नावासाठी गेले होते. घरगुती मसाले, आता चार बायका कामाला आहेत. वकील दादांनी विचारलं हे नाव कधीपासून वापरताय आणि त्याला पुरावा काय. मी पहिलं बिलबुक, पहिल्या लेबलचं प्रूफ आणि पाकिटाच्या फोटोची जुनी पोस्ट नेली होती, त्यांना नेमकं तेच हवं होतं. मग माझ्यासमोरच ट्रेडमार्कच्या साइटवर ३० नंबरच्या क्लासमध्ये, म्हणजे मालाच्या गटात, सर्च केला, मसाले त्यात येतात. मिळतीजुळती दोन नावं निघाली, त्यातलं एक सोडून दिलेलं होतं. सरकारी फी ऑनलाइन अर्जाला एका क्लासला ४५०० रुपये, व्यक्ती किंवा छोटा उद्योग असेल तर, नाहीतर ९०००. हा आकडा आधी माहीत असला की वकिलाची फी किती आणि सरकारची किती हे वेगळं करून विचारता येतं.

अजून एक विचारलं जे माझ्या डोक्यातच नव्हतं, लोगो कोणी काढला? भाचीच्या मैत्रिणीने. तिच्याकडून लोगोचे हक्क माझ्याकडे दिल्याचं लिहून घ्यायला सांगितलं, पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आले असं धरून चालू नका म्हणाले. ती पोरगी आनंदाने तयार झाली. ब्रँड मोठा झाल्यावर हेच मागायला गेलं असतं तर दोघींनाही जड गेलं असतं.

सांगलीकर

आमची भागीदारी, मी आणि चुलतभाऊ, हळदीचा व्यापार. वेगळं व्हायचं ठरत होतं. बाजारपेठेतल्या एका जुन्या वकीलसाहेबांकडे गेलो. खुर्चीत बसलो आणि बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला, म्हणाले थांबा, आधी फक्त समोरच्याचं नाव सांगा. भावाचं नाव ऐकल्यावर म्हणाले, त्यांचं एक काम माझ्याकडे चालू आहे, तुमचं मी एक अक्षर ऐकणार नाही, चहा घ्या आणि दुसऱ्याकडे जा. फी नाही, काही नाही. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. तेव्हा फोनवरच आधी नाव सांगून टाका, आपली बाजू नंतर.

दुसऱ्या वकिलांनी डीड म्हणजे भागीदारीचा करार मागितला आणि विचारलं फर्म रजिस्टर आहे का. नुसतं स्टँपपेपरवर डीड असून भागत नाही, १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला कराराच्या पैशासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. आमच्या वडिलांनी नोंदणी करून ठेवली होती, त्या कागदाची किंमत तेव्हा कळली.

गाळा नंबर सात

फीबद्दल कोणी लिहिलंच नाही की! ती कशी विचारायची? वसुलीतून टक्केवारी देतो म्हटलं तर चालतं का?

वकिली करतो, जिल्हा कोर्ट

टक्केवारी नाही चालत. निकालावर अवलंबून फी ठरवणं आम्हाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे, कोणी तसं म्हणाला तर तिथेच उठा. फी सरळ विचारा, सल्ल्याची किती, नोटीसची किती, कोर्टात गेलं तर तारखेप्रमाणे की टप्प्याप्रमाणे, टायपिंग आणि कोर्ट फी त्यात धरली आहे का. यात कोणालाही राग येऊ नये. आणि तुमची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेच्या वर असेल तर आमच्या बिलात जीएसटी दिसणार नाही, तो रिव्हर्स चार्जने तुम्ही भरायचा, सीएच्या कानावर घाला.

टेबलाच्या या बाजूने दोनतीन गोष्टी सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट घेऊन येतात लोक, पण मूळ चॅट डिलीट करून फोन बदललेला असतो. फोन जपून ठेवा, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट द्यावं लागतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, पूर्वी ६५ब होतं. दुसरं, चेक परत आला असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. फोनवर पहिलं वाक्य हेच बोला की चेक परत आल्याच्या बँकेच्या मेमोची तारीख अमुक आहे. तिसरं, तीन लाख किंवा वरच्या व्यापारी दाव्यात तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीकडे जावं लागतं, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हे बंधनकारकच आहे असं सांगितलंय. म्हणजे उद्याच केस टाका हो साहेब, असं होत नाही. आणि घरच्यांनी, मित्रांनी पाठवलेले सल्ले बाजूला ठेवून मला फक्त हे सांगा की तुम्हाला पैसे हवेत की संबंध टिकवायचेत. नोटीसची भाषा त्यावर ठरते.

गाळा नंबर सात

धन्यवाद वकीलसाहेब. माझं काम ठाण्याला भाड्याच्या गाळ्याचं आहे, मालक म्हणतो लीव्ह लायसन्स रजिस्टर नको.

वकिली करतो, जिल्हा कोर्ट

महाराष्ट्रात ते रजिस्टर करणं कायद्याने लागतंच आणि जबाबदारी मालकाची आहे. एमआयडीसीचा गाळा असेल तर पोटभाड्याने द्यायला महामंडळाची परवानगी घेतली आहे का तेही विचारा, आणि आधी कागद बघा, डिपॉझिट नंतर.

एडिसनवाला

इकडचं थोडं वेगळं आहे म्हणून लिहितो. न्यू जर्सीत सँडविचची फ्रँचायझी घेताना वकील केला. इथे काम सुरू करायच्या आधी एंगेजमेंट लेटर येतं, काम काय, तासाचा दर काय, रिटेनर म्हणजे आगाऊ रक्कम किती. बिल सहा सहा मिनिटांच्या हिशोबाने येतं, त्यामुळे दहा छोटे फोन करण्यापेक्षा प्रश्न साठवून एकच मेल करायचो. फ्रँचायझीवाल्याने सही किंवा पैसे घ्यायच्या किमान १४ दिवस आधी डिस्क्लोजर डॉक्युमेंट, म्हणजे फ्रँचायझीची सगळी माहिती असलेला कागद, द्यावंच लागतं, फेडरल नियम आहे. वकिलाने त्यातलं आयटम २० उघडून दिलं, त्यात सोडून गेलेल्या लोकांची यादी असते, आणि म्हणाला मला पैसे देण्याआधी यातल्या काहींना तू स्वतः फोन कर. केले. सगळ्यात जास्त माहिती मला त्या फोनवर मिळाली, कोणता खर्च कागदात कमी दिसतो ते त्यांनी मोकळेपणाने सांगितलं.

इचलकरंजी

आमचे बाबा लूमवाले, इंग्रजी करार समोर आला की गप्प व्हायचे. मोठ्या खरेदीदाराचा छापील करार होता. मी वकिलांना पहिल्याच भेटीत म्हटलं, बाबांना मराठीत समजावून सांगा, वाटल्यास दोन तासांची फी घ्या. त्यांनी सगळा करार नाही वाचला, पेन्सिलने तीन ठिकाणी खुणा केल्या, पैसे कधी मिळणार, माल नाकारायचा अधिकार किती दिवस, आणि भांडण झालं तर कुठे. लवाद गुरुग्रामला लिहिला होता. बाबा म्हणाले, तिकडे कोण जाणार, तारखेला जायला मागाचा धंदा बंद ठेवू का? तेव्हा वकील म्हणाले, हेच वाक्य मी त्यांना मेलमध्ये जरा सभ्य करून लिहितो. नाकारायची मुदत ३० दिवसांवरून १० वर आली. लवादासाठी कोल्हापूर काही त्यांनी मान्य केलं नाही, मुंबईवर तयार झाले, आणि बाबांनी सही केली.