मदत हवी आहे : छोट्या एफएम स्टुडिओसाठी साउंड कार्ड, नव्या मशीनवर पीसीआय स्लॉटच नाही

शामेळ

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातल्या एका सामुदायिक रेडिओची तांत्रिक बाजू मी सांभाळते. ट्रान्समीटर लहान, सामुदायिक केंद्रांना घालून दिलेल्या १०० वॅट ईआरपीच्या (अँटेनातून प्रत्यक्ष फेकल्या जाणाऱ्या शक्तीच्या) मर्यादेतला. पण ऐकणारी माणसं मनापासून ऐकतात, आणि आवाजात जरा घूं आली की संध्याकाळपर्यंत कोणीतरी येऊन सांगतंच. यंदाच्या पावसात प्रसारणाच्या पीसीचा मदरबोर्ड गेला. साउंड कार्ड मात्र ठणठणीत आहे. एन्व्ही२४ चिपचं जुनं पीसीआय कार्ड, चार स्टिरिओ आउटपुटचं. आताच्या मदरबोर्डवर कार्ड खोचायचा तो लांब पीसीआय स्लॉट येत नाही, सगळे पीसीआय एक्स्प्रेस, आणि त्यात हे कार्ड बसत नाही. चवथीच्या आधी काहीतरी घ्यायलाच हवं, कारण त्या दिवसांत आम्ही वाड्यावाड्यांवरच्या घुमट आरत्या, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हटलेल्या आरत्या, थेट लावतो.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "१९२ किलोहर्ट्झचं दाखवू का?" हे किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले जातात ते, आणि तेवढ्याचा आम्हाला काही उपयोग नाही. एफएमवर ऑडिओ १५ किलोहर्ट्झपर्यंतच जातो, १९ वर स्टिरिओचा पायलट टोन (प्रसारण स्टिरिओ आहे हे रेडिओला सांगणारा सूर) बसलेला असतो. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट आमच्या कामाला भरपूर झाले. बॉक्सवर जे छापलेलं नसतं तिथंच माझं अडतंय.

आमची जोडणी अशी : ऑटोमेशनचा (कार्यक्रम आपोआप वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) मुख्य प्लेअर पहिल्या आउटपुटवर, जिंगल दुसऱ्यावर, क्यू म्हणजे निवेदकाने हेडफोनवर आधी ऐकून बघायचं ते तिसऱ्यावर, चौथा इंटरनेट स्ट्रीमच्या मशीनकडे. पहिले दोन मिक्सरच्या वेगवेगळ्या चॅनलवर येतात. मिक्सरचे इनपुट बॅलन्स्ड (सिग्नल दोन तारांवर येतो, त्यामुळे वाटेत शिरलेली घूं कटते), +४ डीबीयूचे, म्हणजे स्टुडिओच्या पातळीचे. कार्डापासून मिक्सरपर्यंत केबल लांब आहे, कारण पीसीच्या पंख्याचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून मशीन बाजूच्या खोलीत ठेवलंय.

एकाचा चार आउटपुटचा यूएसबी इंटरफेस आणून लावून पाहिला. आवाज स्वच्छ होता. पण विंडोजला तो चार चॅनलचं एकच उपकरण म्हणून दिसला, आणि आमचं ऑटोमेशन असं उपकरण निवडलं की फक्त १-२ वर वाजवतं. एएसआयओ, म्हणजे विंडोजला वळसा घालून थेट कार्डाशी बोलायची ड्रायव्हरची पद्धत, त्याला कळतच नाही. म्हणजे निवेदकाने क्यूचं बटण दाबलं की पुढचं गाणं सरळ हवेत. दुसरी गोष्ट, इंटरफेस काढून वेगळ्या पोर्टला लावला की विंडोज त्याच्या नावाआधी "२-" लावून नवं उपकरण धरतं आणि ऑटोमेशनची सेटिंग सुटते. आमच्याकडे सकाळचं केंद्र महाविद्यालयातली मुलं उघडतात. कोणी पोर्ट बदलला तर त्यांनी काय करायचं?

त्यात हवा. इथली दमट हवा नि खार कोणत्याही धातूला सोडत नाही. जुन्या कार्डाच्या आरसीए (घरगुती स्टिरिओवर असतं तसल्या) सॉकेटची बाहेरची कडी बघितली तर तिच्यावर हिरवट पूड धरलीय. प्लग जरा फिरवला की डावा चॅनल येतो, हात काढला की जातो. त्यामुळे आरसीए नको, तीन पिनांचा एक्सएलआर किंवा पाव इंची बॅलन्स्ड जॅक हवा, यावर मी ठाम आहे.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मशीन विंडोज ११ चं घेतोय. बजेट साधारण २५ हजार. माझ्यासमोर चार वाटा आहेत : पीसीआय एक्स्प्रेस ते पीसीआय ब्रिज लावून जुनंच कार्ड चालवणं, चांगल्या ड्रायव्हरचा बॅलन्स्ड यूएसबी इंटरफेस, ऑडिओसायन्स किंवा डिजिग्रामसारखं खास प्रसारणाचं कार्ड सेकंडहँड बघणं, किंवा एकेका कामाला एकेक साधा स्टिरिओ यूएसबी इंटरफेस. ज्यांनी चोवीस तास चालणारी मशीन सांभाळलीयत त्यांनी कृपया सांगावं.

उणे अठरा

शामेळताई, लेव्हलपासून सुरू करतो, कारण तुमच्या घूंचं मूळ बहुतेक तिथं आहे.

+४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट. घरगुती उपकरणांची -१० डीबीव्ही म्हणजे ०.३२ व्होल्ट. दोन्हींत जवळपास १२ डेसिबलचा फरक. आता हिशेब करा. ईबीयूची (युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेची) -१८ डीबीएफएस, म्हणजे डिजिटल पट्टीच्या कमाल टोकाखाली १८ डेसिबल, ही संदर्भ पातळी धरली आणि कार्ड पूर्ण पट्टीला २ व्होल्ट, म्हणजे +८ डीबीयू देत असेल, तर तुमचं कार्यक्रमाचं सिग्नल मिक्सरला -१० डीबीयूवर पोचतं. मिक्सरला हवेत +४. हे १४ डेसिबल तुम्ही गेन फिरवून भरून काढता, आणि केबलमध्ये शिरलेली घूंही तेवढीच वर येते. मदरबोर्डवरच्या ऑडिओचं आउटपुट तर बहुधा याहूनही कमी, एक व्होल्टच्या आसपास.

तेव्हा माहितीपत्रकात किलोहर्ट्झ सोडून "कमाल आउटपुट लेव्हल" शोधा. +१६ डीबीयू किंवा वर असेल तर निभेल, +२२ असेल तर -१८ ची संदर्भ पातळी बरोबर +४ वर बसते. हा आकडा कंपनीने दिलाच नसेल तर मी ते उपकरण प्रसारणाला घेत नाही.

गेमिंगची कार्डं कोणी सुचवली तर नको म्हणा. त्यांत स्वतःहून आवाजाला हात लावायची खोड जुनी आहे. साउंड ब्लास्टर लाइव्हच्या काळापासून बघतोय, ४४.१ ची फाइल दिली तरी ते आतल्या आत ४८ करूनच वाजवायचं. आताच्या कार्डांबरोबर येणारे सराउंड, बास बूस्ट वगैरे मध्येच कुठून चालू झाले की मोनो रेडिओवर निवेदकाचा आवाज पोकळ ऐकू येतो.

खास प्रसारणाच्या कार्डांबद्दल माझं मत फार चांगलं आहे. ऑडिओसायन्सच्या अनेक कार्डांत स्वतःचा डीएसपी (आवाजावर काम करणारी वेगळी चिप) असतो, एकाच आउटपुटवर तीन-चार प्रवाह कार्डावरच मिसळले जातात, पीसी अडखळला तरी फेड तुटत नाही. पण सेकंडहँड घेताना कार्डाआधी ड्रायव्हर बघा. त्या नेमक्या मॉडेलला ६४ बिट विंडोज ११ चा, डिजिटल सही असलेला ड्रायव्हर कंपनीच्या पानावर दिसला तरच पैसे मोजा. आणि त्यातही पीसीआय आवृत्ती गळ्यात पडणार नाही याची खात्री करा. एकाच मालिकेत दोन्ही असतात.

पाटो पुलाजवळ

मला वाटतं चार आउटपुट हवेत या गृहीतकालाच हात घालावा.

क्यू फक्त हेडफोनवर जातो ना? मग त्याला बॅलन्स्ड कशाला? मदरबोर्डवरचं ऑडिओ क्यूला द्या. विंडोजचं डीफॉल्ट उपकरणही तेच ठेवा. याने सर्वांत मोठा धोका टळतो : अपडेटची टिंग, मेलची टुंग, ब्राउझरमध्ये कोणी उघडलेला व्हिडिओ, काहीही कधीच हवेत जाणार नाही. वर साउंड स्कीम "नो साउंड्स" करून टाका.

स्ट्रीमचं सिग्नल कार्डातून घेऊच नका, मिक्सरच्या दुसऱ्या आउटपुटमधून घ्या. आता थेट निवेदन स्ट्रीमवर कसं जातं? जे हवेत जातं तेच तिकडेही जायला हवं.

राहिले दोन. मुख्य आणि जिंगल. यासाठी असा यूएसबी इंटरफेस घ्या ज्याचा ड्रायव्हर विंडोजला प्रत्येक स्टिरिओ जोडी वेगळं उपकरण म्हणून दाखवतो. आरएमई कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये हे नीट होतं, पण ते तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल. स्वस्तात काहींत आहे, काहींत नाही, आणि बॉक्सवर कुठेच लिहीत नाहीत. म्हणून दुकानात लॅपटॉप घेऊन जा, ड्रायव्हर टाका, कंट्रोल पॅनलच्या प्लेबॅक यादीत १-२ आणि ३-४ वेगळे दिसतात का ते डोळ्यांनी बघा. पणजी-मडगावातली वाद्यांची दुकानं एवढं करू देतात.

यूएसबीबद्दल आणखी. विंडोज १० ला २०१७ पासून, १७०३ आवृत्तीपासून, यूएसबी ऑडिओ क्लास २ चा स्वतःचा ड्रायव्हर आहे, त्यामुळे लावल्याबरोबर आवाज येतो आणि लोक कंपनीचा ड्रायव्हर टाकतच नाहीत. तुम्ही टाका. पॉवर ऑप्शनमध्ये "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" बंद करा, हब वापरू नका, मागच्या पोर्टला लावून केबल रॅकला टायने बांधा आणि पोर्टवर लाल पट्टी चिकटवा. मुलांचा प्रश्न तिथं मिटतो. बफर (आवाज आधी साठवून ठेवायची जागा) ५१२ किंवा १०२४ सॅम्पल ठेवा. गिटारवाल्यांना कमी लेटन्सी, म्हणजे कमी उशीर लागतो. वाजत राहणं ही आपली गरज आहे, गाणं वीस मिलिसेकंद उशिरा सुरू झालं तर कोणाचं काही जात नाही. मशीन आलं की लेटन्सीमॉन हा कोणता ड्रायव्हर आवाज अडवतो ते दाखवणारा प्रोग्राम रात्रभर चालवून बघा. वायफायचा ड्रायव्हर बऱ्याचदा कटकट करतो, प्रसारणाच्या मशीनवर तो बंदच करावा.

तळ्याकाठी

जुनं कार्ड टाकू नका. एन्व्ही२४ ला लिनक्सच्या अल्सामध्ये (तिथल्या साउंड ड्रायव्हरच्या यंत्रणेत) आइस१७१२ नावाचा ड्रायव्हर कैक वर्षं आहे. पीसीआय स्लॉट असलेलं एखादं जुनं मशीन कोणाच्या ऑफिसात पडून असेल तर त्यावर लिनक्स घाला आणि राखीव प्लेअर म्हणून ठेवा. ब्रिजचा उद्योग मुख्य मशीनवर मी करणार नाही. स्वस्त ब्रिज कॅबिनेटमध्ये लोंबकळत राहतात, स्क्रूने बसत नाहीत, आणि विंडोज ११ साठी त्या कार्डाचा ड्रायव्हर शोधणं हे वेगळंच दुखणं.

पुढेमागे ऑटोमेशन बदलायचा विचार असेल तर रिव्हेंडेल बघा. लिनक्सवरचं, मुक्त स्रोत, रेडिओसाठीच लिहिलेलं. ते अल्सा, जॅक (लिनक्सवरचं आवाज इकडून तिकडे जोडणारं सॉफ्टवेअर) आणि ऑडिओसायन्सची कार्डं थेट ओळखतं, त्यामुळे जोड्या वेगळ्या दिसण्याचा तुमचा प्रश्न तिथं उरत नाही. शिकायला वेळ लागतो हे खरं. चवथीच्या तोंडावर हात घालू नका.

शामेळ

तिघांचेही मनापासून आभार. क्यू मदरबोर्डवर टाकायचं उत्तर इतकं सरळ आहे की सध्याच्या कामचलाऊ लॅपटॉपवर आज दुपारीच केलं. निवेदकाला हेडफोनमध्ये थोडा खरखराट ऐकू येतो, पण ते हवेत जात नाही आणि तेवढं आम्हाला चालेल.

लेव्हलचा हिशेबही करून पाहिला. गेल्या वर्षीची घुमट आरती वाजवली. शामेळ (घुमटाच्या साथीचं काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कांसाळ्यांवर (झांजांवर) मीटर -१८ च्या आसपास हलत राहतो, आणि घुमटाची उघडी थाप पडली की एका झटक्यात -४ वर जातो. म्हणजे वरची मोकळी जागा आम्हाला शोभेची नाही, रोज लागते. मिक्सरचा गेन खाली आणून आउटपुट जास्त देणारा इंटरफेस लावल्यावर शांत जागेतली घूं स्पष्ट कमी झाली. पूर्ण गेली नाही. शेजारी १०५.४ वर आकाशवाणी पणजी लावून तुलना केली की आमची घूं अजून कळते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवलं तर मात्र साफ जाते.

तर दोन बॅलन्स्ड स्टिरिओ जोड्या, कमाल आउटपुट +१६ च्या वर, यादीत जोड्या वेगळ्या, अशी यादी घेऊन शनिवारी मडगावला जाते आहे. घूंसाठी १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन उपकरणांमधली विजेची थेट जोडणी तोडून फक्त सिग्नल पुढे देणारा) घ्यायचा म्हटलं तर तो कार्डाजवळ बसवायचा की मिक्सरजवळ?

उणे अठरा

चार्जर काढल्यावर जाते म्हणजे अर्थ लूपच आहे (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह), ट्रान्सफॉर्मरने जाईल. त्याआधी पीसी, मिक्सर आणि ट्रान्समीटरआधीचा ऑडिओ प्रोसेसर तिन्ही एकाच यूपीएसच्या एकाच पट्टीवर आहेत का ते बघा. दोन खोल्यांतल्या वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर अर्धं काम तिथंच होईल. आणि कोणीही सुचवलं तरी प्लगची अर्थची पिन काढू नका. पावसाळ्यात तर अजिबात नको, ती पिन माणसाचा जीव वाचवायला आहे.

ट्रान्सफॉर्मर मिक्सरच्या बाजूला बसवा. लांब केबल आधी, मग ट्रान्सफॉर्मर, त्याच्यापुढे मिक्सरपर्यंत हातभर वायर. रॅकमध्ये यूपीएस किंवा मोठ्या पॉवर सप्लायच्या शेजारी ठेवू नका, त्यांचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तो स्वतःच पकडतो. बसवताना हातात धरून फिरवून बघा, ज्या दिशेला घूं सर्वांत कमी तसा स्क्रू करा. मधल्या काळात आरसीएवर चालवावं लागलं तर दोन तारांची शील्डेड केबल वापरा : कार्डाच्या टोकाला आतली पिन एक्सएलआरच्या २ ला, बाहेरची कडी ३ ला, आणि शील्ड १ ला, कार्डाच्या टोकाला ती त्याच कडीला जोडलेली. एकतारी केबलवर २ नि ३ चा खेळ करत बसण्यापेक्षा यात घूं बरीच कमी येते.