मदत हवी आहे: काजूच्या पानावरून बीचा आकार आधी कळेल का?

मंडळी, आमची बाग खानापूर तालुक्यात, जांबोटीकडं. बांधावर एक जुनं गावठी काजूचं झाड आहे. शेजारची कलमं ढेकण्यानं (कोवळी पालवी नि मोहर शोषणारी कीड) करपतात, याचा मोहर मात्र दरसाल तगतो. बी बारीक, किलोला २०० च्या वर. म्हणून गेल्या हंगामात वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीचे (बी १० ग्रॅमची) पराग याच्या फुलांवर हातानं लावले आणि वर मलमलच्या पिशव्या बांधल्या. निम्म्या वाऱ्यानं उडाल्या, ते सोडा. ३५ रोपं हाती आली, आता गुडघाभर आहेत.

जागा फक्त १० रोपांची. सगळी वाढवून फळाची तीन-चार वर्षं वाट बघणं जमणार नाही. "जुन्या झाडाचीच कलमं बांधा" म्हणू नका, बांधलीत. बी तेवढीच बारीक राहणार. रोपवाटिकेत विचारलं तर हसले.

कोवळ्या पानातला डीएनए तपासून, म्हणजे मार्कर (एखाद्या गुणाशी जोडलेली डीएनएतली खूण) बघून, मोठ्या बीची रोपं आत्ताच निवडता येतात का? की वजन अनेक जनुकांवर ठरत असल्यानं ३५ रोपांत ते जमायचं नाही? आणि शेतकऱ्याचे नमुने पुत्तूरचं काजू संशोधन संचालनालय घेतं की वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र? पानं ओली पाठवायची की सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे) वाळवून?