फाइलींची नावं पाइपमधून कशी न्यायची: एन्कोड करून की नल बाइट लावून?

अमळनेरकर: कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या, गाण्यांची रेकॉर्डिंग्ज आम्ही जमा करतोय. लोक मोबाइलवरून पाठवतात, नावं कशीही: 'कानबाई रोट धुळे (२)', '१००% जुनं गाणं', एखाद्या नावात तर चक्क नवी ओळ. युनिक्समध्ये स्लॅश आणि नल (शून्य किमतीचा बाइट) सोडून नावात काहीही चालतं, शेलचा, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, फॉर-लूप मात्र स्पेस दिसली की नाव तोडतो. म्हणून पाइपमध्ये (एका आज्ञेचं आउटपुट दुसरीला देणारी साखळी) शिरतानाच नाव टक्केवाल्या पद्धतीने एन्कोड करा: साध्या इंग्रजी अक्षरांखेरीज प्रत्येक बाइटऐवजी % आणि त्याचा दोन-अंकी कोड. एका ओळीत एक नाव. सॉर्ट, ऑक अशी ओळीओळीने काम करणारी साधनं सगळी चालतात, शेवटी एकेक नाव डिकोड करायचं.

तापीकाठ: नाही पटलं, भाऊ. फाइली शोधणाऱ्या फाइंडला प्रिंट-झिरो आहे, नावं पुढच्या आज्ञेला देणाऱ्या एक्सआर्ग्सला हायफन-झिरो आहे; दोन्हींत दोन नावांमधली खूण म्हणजे नल. नल नावात येऊच शकत नाही, याहून पक्की खूण कोणती? २०२४च्या पॉझिक्समध्येही, म्हणजे युनिक्सच्या प्रमाणातही, हे आलं. शिवाय देवनागरीचा एक वर्ण यूटीएफ-८मध्ये ३ बाइट, एन्कोड केल्यावर ९. लिनक्सच्या एक्स्ट-४ फाइलसिस्टिमवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा. काना-मात्रा वेगळी धरली तर २९ वर्णांतच नाव बसेनासं होतं.

अमळनेरकर: ती मर्यादा डिस्कवरच्या नावाला, पाइपमधल्या ओळीला नव्हे. डिस्कवर मी हातच लावत नाही. कुठलं गाणं झालं, कुठलं राहिलं ही यादी मला सोबत्यांना पाठवायची असते. नलवाली यादी कोण वाचणार?

तापीकाठ: आणि टक्क्यांची वाचता येते? त्या यादीत 'कानबाई' ग्रेप करा, म्हणजे शोधा, एक ओळ सापडायची नाही.

यावलकर: मग फक्त टक्का आणि नवी ओळ एवढंच एन्कोड करा ना! देवनागरी जशीच्या तशी राहते, ग्रेप चालतो. टक्का आधी बदला, परत आणताना शेवटी. नाहीतर टक्का किंवा नवी ओळ असलेली नावं कधीतरी दगा देणारच. आणि दोघांनीही एक सांभाळा: एकेक नाव वाचणाऱ्या रीडच्या लूपमध्ये एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओ बदलणारा प्रोग्रॅम) चालवलात तर तो स्टँडर्ड इनपुट, म्हणजे लूपला मिळणारी नावांची यादीच, खातो, पुढच्या नावाची सुरुवातीची अक्षरं गायब. त्याला नो-स्टडइन हा पर्याय द्याच.

तापीकाठ: एफएफएमपेगचं शंभर टक्के खरं. पण डॉलर-कंसातून, म्हणजे $(…) मध्ये आज्ञा चालवून, डिकोड केलं तर नावाच्या शेवटची नवी ओळ शेल गिळतो. मी नलवरच.

अमळनेरकर: यावलकरांची रीत घेतो. दोनच खुणा असल्यावर बॅश हा शेल त्या व्हेरिएबलमध्येच बदलतो, डॉलर-कंस लागत नाही, वेगळी प्रोसेसही नाही.