शब्दचर्चा: ‘अन्न-असुरक्षितता’ की ‘अन्नाची भ्रांत’?

प्रश्न:
अमेरिकेत १९९३ साली स्थापन झालेल्या ‘विमेन्स इंटरएजन्सी एचआयव्ही स्टडी’ या दीर्घकालीन अभ्यासात एचआयव्ही असलेल्या स्त्रियांबरोबर साधारण तशाच परिस्थितीतल्या, पण एचआयव्ही नसलेल्या स्त्रियाही घेतल्या होत्या. अशा स्त्रियांविषयीच्या मजकुराचे मराठी करताना ‘फूड इनसिक्युरिटी’साठी (म्हणजे पुरेसे अन्न मिळेल याची खात्री नसणे) ‘अन्न-असुरक्षितता’ आणि ‘स्मोकिंग’साठी ‘धूम्रपान’ हे शब्द योग्य ठरतील का?

प्रतिसाद १:
‘अन्न-असुरक्षितता’ हा शब्द व्याकरणाने बिनचूक आहे, पण तो वापरू नये असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे २००६ चा अन्न सुरक्षा कायदा भेसळ आणि दर्जाविषयी आहे, तर २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा रेशनच्या धान्याविषयी. इंग्रजीतले ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ हे दोन वेगळे शब्द मराठीत एकाच ‘सुरक्षे’त मिसळल्यामुळे अन्न खराब आहे की मुळात नाहीच, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

‘उपासमार’ हे दुसरे टोक झाले. अमेरिकी कृषी खात्याच्या प्रश्नावलीत सुरुवातीलाच, पुन्हा पैसे हाती येण्याआधी घरातले अन्न संपेल अशी काळजी वाटली का, असे विचारतात. जिच्या डब्यात आजपुरते पीठ आहे पण परवाचे ठाऊक नाही, ती बाई आज उपाशी नसते, तरीही तिची ही काळजी नोंदली जाते. ‘दोन वेळच्या जेवणाची भ्रांत’ असे आपण म्हणतो तेव्हा टंचाई आणि धास्ती दोन्ही एका शब्दात येतात, म्हणून ‘अन्नाची भ्रांत’ हाच शब्द मला नेमका वाटतो. याच खात्याने २००६ मध्ये आपल्या वर्गवारीतून ‘भूक’ हा शब्द वगळून ‘अतिशय कमी अन्नसुरक्षा’ असे नाव दिले. मोजणाऱ्यांची अडचण मी समजू शकतो, पण मराठीत तरी भूक पुसली जाऊ नये.

याच प्रश्नावलीतला ‘जेवण चुकवले का?’ हा प्रश्न मराठीत विचारताना ‘पैसे नव्हते म्हणून’ हे शब्द गाळून चालणार नाही. भाकरी कमी पडली की ‘आज माझा उपास आहे’ असे सांगून पोरांना वाढणाऱ्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, आणि त्यांचे उत्तर अन्यथा उपवासात जमा होईल.

प्रतिसाद २:
‘भ्रांत’ पटला. ‘धूम्रपान’ अमेरिकेतल्या मजकुरापुरता ठीक आहे, कारण तिथे प्रश्न सिगारेटचाच आहे; तरी मी सरळ ‘सिगारेट ओढणे’ असेच लिहीन. तोच प्रश्न महाराष्ट्रात विचारायचा झाला तर मात्र हा शब्द फसवेल. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात २ टक्के स्त्रिया विडी-सिगारेट ओढत होत्या, तर १२.८ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत होत्या. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली, बारीक कुटून दातांना घासायची मशेरी लावणारी बाई ‘धूम्रपान करता का?’ याला अगदी खरेपणाने ‘नाही’ म्हणेल. म्हणून ‘मशेरी लावता का?’ असेच विचारावे.

अन्नाची भ्रांत आणि तंबाखू यांचा संबंधही आहे: तंबाखूतल्या निकोटीनने भूक मंदावते, आणि तंबाखूवर गेलेला पैसा अन्नातून वजा होतो. पहिल्या गोष्टीसाठी ‘भूक मारणे’ आणि दुसरीसाठी ‘पोटाला चिमटा घेणे’ हे वाक्प्रचार मराठीत तयार आहेत. ‘एचआयव्हीग्रस्त’ मात्र टाळावे. ‘एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रिया’ लांब असले तरी तेच लिहावे, कारण त्यात ती बाई जगते आहे.