दंगलीचं फाटक: किती लायनी, आणि अडवलेल्याला न्यायचं कुठे?

बोरीकाठ
राम राम मंडळी. अमळनेर तालुक्यातलं गाव, आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) शनिवारी कुस्त्यांची दंगल. यंदा पहिल्यांदाच ५० रुपये तिकीट लावलंय. मैदान पत्र्यांनी बंद केलेलं, ५० बाय ४० मीटर, मधे हौदा (कुस्तीचा मातीचा आखाडा). फाटक एकच, १२ फुटी. कार्यकर्ते २५. कुस्त्या पाचला लागतात, पण उन्हामुळे सव्वाचारपर्यंत चिटपाखरू नसतं आणि मग सगळा गाव एकदम. लायनी किती लावू? आणि पिऊन आलेल्याला अडवलं की मागे तुंबतं, त्याचं काय?

केळीबाग
भाऊ, आधी आत किती मावतात ते काढा, तिकिटं मग छापा. हौदा, मान्यवरांचा मंडप आणि वाटा वजा केल्या तर १५०० चौरस मीटर उरेल. मांडी घालून बसणारे चौरस मीटरला दोन धरा, म्हणजे ३०००. पासवाले, पैलवान, वस्ताद सगळे यातच. तिकिटं २६०० च्या वर छापू नका.

आता लायनी. नुसतं तिकीट फाडून सोडायचं तर एका लायनीतून मिनिटाला दहा माणसं जातात. इंग्लंडमधल्या मैदानांच्या सुरक्षा मार्गदर्शिकेतही एका फाटकाला तासाला ६६० च्या वर धरू नका म्हटलंय. खिसे चाचपायचे असतील तर सहाच धरा. शेवटच्या पाऊण तासात २००० आले तर बिनझडतीच्या पाच लायनी लागतात, झडतीच्या आठ. तुमच्या १२ फुटांत तीन फुटांच्या चारच बसतात. म्हणून बाजूला २४ फूट जागा होईल एवढे पत्रे काढा, प्रवेश तिथून करा आणि मोठं फाटक बाहेर पडायला मोकळं ठेवा. समोरच्या अंगालाही एक वाट हवीच.

दुसरा उपाय फुकटचा आहे: लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या चारलाच लावा आणि आत हिरवी जाळी ताणा. सावली दिसली की लोक लवकर येतात, लोंढा फुटतो.

लायनींच्या बाजूंना बल्ल्या (लाकडी वासे) दोन आडव्या, गुडघ्याला आणि कमरेला. सुतळी किंवा तार अजिबात नको. रेटा आला की सुतळी तुटते आणि तार कापते. लायनीत दर दहा मीटरला बाहेर निघायला फट ठेवा, चक्कर आलेल्याला तिथूनच काढता येतं. पाण्याचे जार लायनीच्या शेपटाकडे. फाटकाजवळ ठेवले तर तिथेच घोळका होतो.

तिकीटखिडकी फाटकापासून ४० मीटर लांब हवी. पाचशेच्या नोटेचे सुटे शोधण्यात वेळ जातो, आणि गर्दीत मोबाईलची रेंज गेली की स्कॅनरही अडतो. पन्नासच्या नोटांची थप्पी आदल्या दिवशीच आणून ठेवा.

सातपुडा_४५
अडवायचं ते लायनीत शिरण्याआधी. तुंबतं ते अडवल्यामुळे नाही, अडवलेल्याला मागे जायला वाट नसल्यामुळे. मागचे पुढे रेटतात आणि तो दोघांच्या मधे चेंगरतो. चार जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर ११ जण चेंगरून गेले, तेही फाटकांबाहेरच्या गर्दीत.

फाटकाच्या २०-२५ मीटर अलीकडे चार माणसं उभी करा. ती चाल, डोळे, हातातली बाटली, काठी बघतील. संशय आला तर दोघांनी त्याला बाजूच्या टेबलाकडे न्यायचं. बोलायचं एकानेच, दुसऱ्याने त्याच्या सोबत्यांवर लक्ष ठेवायचं. अंगाला हात लावायचा नाही, ‘चल हट’ म्हणायचं नाही. ‘दादा, आत्ता नाही, हे पैसे परत घ्या,’ एवढंच. ‘मनाजोडे तिकीट शे!’ (माझ्याकडे तिकीट आहे) हे येणारच, म्हणून टेबलावर पन्नासच्या नोटा ठेवा. पैसे हातात पडले की निम्मं भांडण संपतं. तिकीट मात्र काढून घ्या, नाहीतर तो दुसऱ्या लायनीत दिसेल. वहीत वेळ आणि कारण लिहा, बाकीच्यांना शर्टाचा रंग सांगा. मारामारीवर आला तर पोलिसांकडे द्या, कार्यकर्त्यांनी पैलवान व्हायची गरज नाही.

झडती ही प्रवेशाची अट म्हणून तिकिटावर आणि फलकावर छापा. नकार दिला तर पैसे परत, आत नाही. बायांची झडती बायाच घेतील.

बोरीकाठ
मान्यवर वीस-वीस माणसं घेऊन येतात. आणि मैदान भरल्याचं कळणार कसं?

केळीबाग
मान्यवरांना पैलवानांबरोबर समोरच्या अंगाच्या वाटेने न्या. पास मोजून द्या, एकविसाव्याला तिकीट.

मोजणीला यंत्र लागत नाही. प्रत्येक लायनीला तेलाचा रिकामा डबा ठेवा, फाडलेलं अर्धं तिकीट त्यात टाका. शंभर झाली की रबर लावून एका जबाबदार माणसाकडे. पास धरून बेरीज २७०० झाली की खिडकी बंद, आणि तिकीट नसलेल्यांना परत फिरवायला शेपटापासून सुरुवात करा. फाटकावर ‘भरलं’ ओरडलात तर पुढचे थांबतील, पण मागच्यांना ऐकू जाणार नाही, ते रेटतच राहतील. शेपटाशी कर्णा घेऊन एक माणूस हवाच.

सातपुडा_४५
एक राहिलं. शेवटच्या जोडीच्या आधी, बाहेरची गर्दी पांगलेली बघून, प्रवेशाच्या बल्ल्या काढून टाका आणि तिथे हॅलोजन लावा. निकाल लागला की लोक आले त्याच वाटेने निघतात, आणि अंधारात गुडघ्याच्या बल्लीला पहिला अडखळला की मागचे त्याच्यावर पडतात.