अनुभव धागा : घराला कुलूप, हरितगृहाला पाणी

उघड्यावरच्या बागेला निदान पावसाची, दवाची आशा असते. काचेखाली किंवा प्लास्टिकखाली तीही नाही. ज्यांनी बाहेर जाताना पाण्याची सोय करून पाहिली आहे त्यांनी नेमकं लिहा: काय जोडलं, किती दिवस पुरलं, कुठे फसलं आणि का. 'मस्त चालतं' एवढ्यावर कुणाचं झाड जगत नाही.

—

आधी हिशेब. अंदाज नको, कुंडी तोला. सकाळी भरपूर पाणी घाला, पूर्ण निथळू द्या, वजन घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. जितके ग्रॅम घटले तितके मिलिलिटर त्या झाडाचं रोजचं पाणी. ढगाळ दिवशी तोलाल तर फसाल. लहान, मध्यम, मोठी अशी एकेक कुंडी तोलली तरी पुरतं. आकड्याला दिवसांनी गुणा आणि वर तिसरा हिस्सा धरा. फळावर आलेला टोमॅटो कडक उन्हात दीड-दोन लिटर सहज ओढतो. अशी सहा झाडं आणि दहा दिवस म्हणजे शंभर लिटरच्या आसपास. उलट्या बाटल्या खोचून हे भागत नाही.

—

विजेवर आणि नळावर भरवसा नसेल तर पिंप उंचावर ठेवून ठिबक. 200 लिटरचं पिंप, त्याचा तळ ड्रिपरपेक्षा (थेंबाथेंबाने पाणी सोडणाऱ्या तोटीपेक्षा) एक मीटर वर. 16 मिमीची लॅटरल, म्हणजे कुंड्यांच्या रांगेने जाणारी नळी, तिच्यातून प्रत्येक कुंडीला 4 मिमीची मायक्रोट्यूब, टोकाला साधा ड्रिपर. 'साधा' यावर जोर आहे. दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे ड्रिपर महाग आणि चांगले, पण बहुतेकांना अर्धा बार किंवा जास्त दाब लागतो. एक मीटर उंचीने मिळतो 0.1 बार. तेवढ्यावर ते नीट चालत नाहीत आणि आपण चोकअप शोधत बसतो.

टायमरचंही तेच. सोलेनॉइडचा, म्हणजे विजेच्या चुंबकाने झडप उघडणारा टायमर नळाच्या दाबासाठी असतो, कमी दाबावर धड उघडत नाही किंवा धड बंद होत नाही. पिंपाला मोटरने बॉल व्हॉल्व्ह फिरवणारा टायमर घ्या.

पिंप उतरत जातं तसा प्रवाहही उतरतो. पिंप 90 सेंमी उंच असेल तर भरलेलं असताना ड्रिपरवर 1.9 मीटर पाणी, तळाला आल्यावर 1 मीटर. साध्या ड्रिपरचा प्रवाह जवळपास पाऊणपट होतो. हे नको असेल तर पिंपाखाली एक बादली लावा, तिच्यात बॉलकॉक बसवा आणि ठिबक बादलीतून न्या. बादलीतली पातळी हलत नाही, थेंबही हलत नाहीत.

फिल्टर 120 मेशचा (इंचाला 120 भोकांची जाळी), लॅटरलच्या आधी. लॅटरल सतत उतरती ठेवा. मध्ये उंचवटा आला की हवा अडकते आणि पुढच्या कुंड्या कोरड्या. जोडून झालं की प्रत्येक ड्रिपरखाली पेला ठेवून पंधरा मिनिटं मोजा. पहिल्या आणि शेवटच्या पेल्यात डोळ्यांनी दिसेल इतका फरक असेल तर आधी तो मिटवा.

—

टाकीतून पंपाने पाणी देणाऱ्यांना एकच सांगणं: टाकीतली पातळी ड्रिपरपेक्षा वर असेल तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी वाहत राहतं. टाकी रिकामी, कुंड्या चिखल. टाकी कुंड्यांच्या खाली ठेवा. नाहीतर टाकीच्या आतच, पाण्याच्या वर, नळीला 2 मिमीचं भोक पाडा; पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि सायफन तुटतो. पंप चालू असताना भोकातून पिचकारी उडते, ती टाकीतच पडेल असं बघा.

—

रोपांच्या ट्रेबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि तीच सगळ्यात नाजूक गोष्ट. कप्प्यात माती चमचाभर, अर्ध्या दिवसात सुकते. तिथे ठिबक नाही, ओलं कापड चालतं, म्हणजे केशाकर्षण: कापड पाणी शोषून वर चढवतं. फळी पाणसळीने सपाट करा, वर प्लास्टिक, त्यावर जाड फेल्टचं कापड. फेल्टची एक कड शेजारच्या टबमध्ये बुडवा. टबचं पाणी फळीपेक्षा पाचेक सेंमीच खाली असावं. जास्त खोल गेलं की वर चढणारं पाणी पुरत नाही.

यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. कुंडीच्या तळाशी खडे किंवा खापरी असली की मातीचा कापडाशी संबंध तुटतो, पाणी चढतच नाही. कुंड्या ठेवताना वरून भिजवलेल्या नसतील तरी तेच. आणि फेल्टची दुसरी कड फळीवरून टबच्या पातळीखाली लोंबत राहिली, तर ती रात्रभर ठिबकत टब उपसून काढते. सकाळी टब कोरडा आणि जमीन ओली दिसली की समजा, कड लोंबतेय. शेवाळ धरू नये म्हणून वरून बारीक भोकांचं काळं प्लास्टिक पसरा.

12 सेंमीपेक्षा उंच कुंडीला हा प्रकार वापरू नका. तिला वात, म्हणजे खालच्या पाण्यातून मातीत पाणी चढवणारी दोरी.

—

वात सुती नको, कुजते. नायलॉनची किंवा अ‍ॅक्रिलिकची, आधी भिजवून, निम्म्या उंचीपर्यंत मातीत. चिकणमातीत वात निरुपयोगी, कोकोपीट-परलाइटमध्ये उत्तम. मोठ्या कुंडीत दोन वाती. निवडुंग वगैरे मंडळी यातून पूर्ण बाहेर, त्यांना काहीच देऊ नका.

—

सगळे पाणी वाढवायच्या गोष्टी करताहेत, खर्च कमी करायच्या कुणी नाही. माझ्या मते सुरुवात तिथून. 50 टक्क्यांची शेडनेट बाहेरून टाका, आतून नाही. आतून टाकली तर उष्णता आत येऊन चुकलेली असते. कुंड्या फळीवरून जमिनीवर, एकमेकींना चिकटून. पिकायला आलेलं फळ आणि उमललेली फुलं काढून घ्या. जायच्या आधी आठवडाभर खत बंद. खिडक्या मात्र बंद करू नका: 'ओल टिकेल' म्हणून सगळं मिटवलं की दिवसा भट्टी, रात्री पानांवर पाणी, आणि करडी बुरशी. मेणाच्या नळकांड्यावर, म्हणजे उष्णतेने मेण फुगून आपोआप उघडणारी खिडकी असेल तर विजेशिवाय काम होतं.

—

शेजारी येणार असतील तर त्यांना 'मातीला हात लावून बघा' सांगू नका. प्रेमापोटी माणूस जास्तच घालतो. एक मग ठेवा, कुंडीवर चिकटपट्टीचे तुकडे लावा: दोन तुकडे म्हणजे दोन मग, लाल म्हणजे हात लावायचा नाही. वेळ सकाळची.

—

टायमरचे सेल नवे घाला, आणि सगळं निदान तीन दिवस आधी लावून घरी असतानाच चालवा. त्या तीन दिवसांत नळाला किंवा झारीला हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी बोट मातीत दोन पेरं खुपसा. वाफसा हवा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही; बोटाला चिखल लागला तर टायमरची वेळ कमी करा. पिंपावर झाकण आणि बारीक जाळी, नाहीतर परत याल तेव्हा डास असतील.

—

आल्यावर: पीट मॉस (कुंडीच्या मिश्रणात घालतात ते कुजलेलं शेवाळ) एकदा कडक वाळलं की पाणी झिडकारतं. वरून घातलेलं पाणी कडेने उतरून तळातून निघून जातं आणि आपल्याला वाटतं भिजलं. अशी कुंडी बादलीत काठापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग सावलीत. वातीवर राहिलेल्या कुंड्यांच्या मातीवर पांढरा थर दिसेल, ते क्षार. थर खरवडून टाका आणि वरून दोन-तीन वेळा भरपूर पाणी सोडून निथळू द्या.