रविवारी हरलो तर बाहेर. शुक्रवारी ६२ पिच (म्हणजे ६२ बॉल) टाकलेल्या पोराला परत उभं करू का?

ऐरोलीकर (शनिवार, दुपारी १:४०)

नमस्कार मंडळी. इथे बेसबॉल पाहणारे चार-पाच जण आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारतो. आज रात्रीपर्यंत ठरवायचं आहे.

मी ऐरोलीत मुलांना बेसबॉल शिकवतो. नोकरी महापेला, हे सगळं संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलो, तेवढीच शिदोरी. संघात अकरा जणं, सगळी चौदाच्या आतली, त्यात एक मुलगी. ठाणे-नवी मुंबईतल्या सहा संघांची छोटी स्पर्धा चालू आहे. उद्या सकाळी साडेसातला आमची मॅच, हरलो की घरी.

शुक्रवारची मॅच ४-१ अशी जिंकलो ती एका पोरामुळे. डावखुरा आहे, तेरा वर्षांचा. पाच इनिंग (तिघं बाद झाले की एक इनिंग), ६२ पिच. मी वहीत प्रत्येक पिचला काडी मारतो, त्यामुळे आकडा पक्का. शेवटच्या इनिंगला त्याचं कोपर खाली यायला लागलं होतं, बॉल उंच जात होते, तरी त्याने तिघांना बाद करून दिलं. मधे फक्त आजचा दिवस.

बाकी दोघं आहेत. एक पोरगा जोरात टाकतो, पण स्ट्राइक, म्हणजे नेमका जागेवर बॉल, पडत नाही. शुक्रवारच्या आधीच्या मॅचला दोन इनिंगमध्ये सात वॉक (चार बॉल बाहेर गेले की बॅट्समन फुकट फर्स्ट बेसला) दिले, मग रडला. दुसरी ती मुलगी. क्रिकेटमधून आली, पिचिंग शिकून तीन महिने झाले. वेग नाही, पण कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) ग्लोव्ह धरेल तिथे बॉल पडतो. मॅचमध्ये तिने आजवर एकच इनिंग टाकली आहे.

या स्पर्धेत पिच मोजायचा नियमच नाही. कुणी कितीही टाकावं.

आता खरा पेच. २ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी पहाटे साडेपाचला ही सगळी पोरं माझ्या घरी आली होती, डॉजर्स विरुद्ध टोरंटो, अमेरिकेतल्या बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना बघायला. बायकोने पोह्यांचं पातेलं चढवलं होतं. डॉजर्सचा पिचर यामामोतो, त्याने आदल्याच दिवशी सहाव्या सामन्यात ९६ पिच टाकल्या होत्या, तोही हरलो तर बाहेर असाच सामना होता. आणि सातव्यात नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या इनिंगला, ४-४ बरोबरी, एक बाद, दोन बेसवर माणसं, अशा वेळी दार उघडून तोच मैदानात आला. आणखी ३४ पिच टाकल्या, आठ जण बाद करून दिले, अकराव्या इनिंगला ५-४ ने सामना संपवला. आमच्या घरात पोरं सोफ्यावर उभी राहून ओरडत होती.

काल संध्याकाळी पोरगा मला म्हणाला, "सर, यामामोतो दुसऱ्या दिवशी टाकतो, मला तर मधे एक दिवस आहे. माझा हात अजिबात दुखत नाही." त्याची आई म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, सर."

मला काय उत्तर द्यावं ते कळेना. सुरुवातीला उतरवू? शेवटच्या वीस पिचसाठी राखून ठेवू? की हात लावूच देऊ नको?

---

घोडबंदर४००६१५ (शनिवार, दुपारी ३:०५)

ऐरोलीकर, ज्या विषयासाठी मी रात्री जागवतो त्यावर तुम्ही धागा काढलात. सविस्तर लिहितो.

वर्ल्ड सिरीजमध्ये यामामोतोसारखी उदाहरणं मोजकीच आहेत. २०१४ ला जायंट्सचा बमगार्नर: पाचव्या सामन्यात पूर्ण नऊ इनिंग, ११७ पिच, आणि मधे दोनच दिवस जाऊन सातव्यात पाच इनिंग, ६८ पिच. ३-२ ने कॅन्सस सिटीला हरवलं. २००१ ला अ‍ॅरिझोनाचा रँडी जॉन्सन: सहावा सामना जिंकून दिला आणि दुसऱ्याच दिवशी सातव्यात येऊन चौघांना बाद केलं. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. तिघांनीही दुसऱ्यांदा सामना सुरू केला नाही, मधून आले. आणि त्या सामन्यानंतर त्यांना पुढे काही महिने एकही मॅच नव्हती. तुमच्या पोराने उद्या जिंकून दिलं तर लगेच फायनल आहे, नाही का?

उलट बाजूही सांगतो. २०१६ ला बाल्टिमोरकडे झॅक ब्रिटन नावाचा शेवटच्या इनिंगचा पिचर होता. त्या मोसमात ४७ वेळा सामना राखायला आला आणि ४७ वेळा राखला. एकाच सामन्यावर सगळं होतं, टोरंटोविरुद्ध. मॅनेजर शोवॉल्टर त्याला आघाडी मिळेल तेव्हासाठी राखून बसला. शेवटच्या इनिंगांत आघाडी मिळालीच नाही. अकराव्या इनिंगला टोरंटोच्या एन्कार्नासिओनने बाल्टिमोरच्या हिमेनेझला तीन धावांचा होमरन मारला आणि ब्रिटन बॉल न टाकताच घरी गेला. म्हणून माझं मत: पोराला सुरुवातीला उतरवू नका, पण शेवटासाठी म्हणूनही राखू नका. जिथे सामना सगळ्यात अडकलाय, बेस भरलेत, तिथे वीस पिच. मग ती तिसरी इनिंग असो.

---

सानपाडा_फिजिओ (शनिवार, दुपारी ४:२०)

घोडबंदरदादा, तुमचे सामने मला माहीत नाहीत, पण तो वीस पिचचा सल्ला मला पटत नाही.

वय तेरा. या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून जुळलेलं नसतं. टोकाचा तुकडा आणि मूळ हाड यांच्यामध्ये कूर्चेची, मऊ अशी वाढीची पट्टी असते. बॉल फेकताना प्रत्येक वेळी मनगट वाकवणारे स्नायू तिथेच ओढ देतात. मोठ्या माणसाचा लिगामेंट (हाडं जोडणारा बंध) ताणला जातो, मुलाची ती पट्टीच ओढली जाते. मोठ्यांचा लिगामेंट तुटला तर १९७४ पासून त्याची शस्त्रक्रिया आहे, फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनवर पहिल्यांदा केली तीच. मुलाच्या वाढीच्या पट्टीला तसा शॉर्टकट नाही.

अमेरिकेत लिटल लीगचे, म्हणजे मुलांच्या बेसबॉलचे नियम आहेत, ते सरळ लावा. चौदापर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा जास्त पिच टाकल्या तर चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. तुमचे ६२ म्हणजे तीन दिवस. शनि, रवि, सोम. उद्या शून्य पिच, वीस नव्हे.

काका, तुम्ही स्वतःच लिहिलंय की कोपर खाली येत होतं आणि बॉल उंच जात होते. खांदा थकला की मूल कोपराने फेकायला लागतं. ते तुम्ही मैदानावरच पाहिलं होतं. आणि एक विचारायचं राहिलं: तो कॅचरही उभा राहतो का? कॅचर प्रत्येक बॉल परत फेकत असतो. लिटल लीगमध्ये ४१ किंवा जास्त पिच टाकलेल्याला त्या दिवशी कॅचिंगही करू देत नाहीत.

---

ऐरोलीकर (शनिवार, संध्याकाळी ५:१०)

ताई, कॅचर नाही, पण शुक्रवारी मॅच संपल्यावर तो पोरांना बॅटिंगचा सराव देत होता. ते मी वहीत धरलं नव्हतं.

बाकी सगळं मान्य. पण तो स्वतः म्हणतोय की दुखत नाही. मी सकाळी हात दाबून पाहिला, तेव्हाही नाही म्हणाला. त्याचं ऐकायचंच नाही का?

---

घोडबंदर४००६१५ (शनिवार, संध्याकाळी ५:४५)

फिजिओताईंचं वाचलं. वीस पिचचं माझं म्हणणं मागे घेतो. मोठ्या माणसांचे सामने बघून मी लहान मुलाचा हिशेब केला.

आणि तुमच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. मी ती इनिंग कितीदा पाहिली असेल.

२००३, बोस्टन विरुद्ध यांकीज, सातवा सामना. जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला. बोस्टन ५-२ ने पुढे, आठवी इनिंग, पेद्रो मार्टिनेझ टाकतोय. पेद्रो म्हणजे त्या काळातला सगळ्यात भारी पिचर. शंभरच्या वर पिच झालेल्या, हिट पडायला लागले. मॅनेजर ग्रेडी लिटल चालत त्याच्याजवळ गेला. सगळ्यांना वाटलं आता काढणार. त्याने पेद्रोला विचारलं, जमेल का. पेद्रो हो म्हणाला. लिटल एकटाच परत आला. पुढच्या काही मिनिटांत ५-५. अकराव्या इनिंगला यांकीजच्या एरन बूनने बोस्टनच्या वेकफील्डला होमरन मारला, बोस्टन बाहेर. लिटलची नोकरी गेली.

लोक म्हणतात लिटलने पेद्रोला ठेवलं ही चूक. मी म्हणतो, विचारलं ही चूक. पेद्रो दुसरं काय म्हणणार होता? अशा वेळी नाही म्हणणारा पिचर तिथवर पोचतच नाही. तो प्रश्न विचारला की निर्णय मॅनेजरने आपल्या खांद्यावरून पिचरच्या खांद्यावर टाकला, आणि तो खांदा आधीच थकलेला.

हे सगळीकडे लागू पडतं असंही नाही. २०२० ला टॅम्पा बेच्या केव्हिन कॅशने ब्लेक स्नेलला न विचारता काढलं, वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात. हरलो तर बाहेर, १-० ने पुढे, स्नेलने ७३ पिचमध्ये नऊ जणांना स्ट्राइकआऊट केलेलं. कॅशचा हिशेब असा की तेच बॅट्समन तिसऱ्यांदा समोर आले की पिचर ओळखीचा होतो. पुढचा आला अँडरसन, डॉजर्सच्या मुकी बेट्सने लगेच डबल (दोन बेसचा फटका) मारला, टॅम्पा ३-१ ने हरलं. कॅश चुकला असं मलाही वाटतं. पण तो निर्णय त्याने स्वतःच्या नावावर घेतला, आणि सामन्यानंतर पत्रकारांसमोर उत्तरंही त्यानेच दिली.

तेरा वर्षांच्या पोराला तर विचारूच नका. तुम्ही सांगा.

---

उथळसर (शनिवार, संध्याकाळी ७:३०)

मला बेसबॉल कळत नाही. मी फास्ट बोलर होतो. चौदाव्या वर्षी, ठाण्यातच, शाळेच्या दोन मॅच लागोपाठ. पहिल्या दिवशी अठरा ओव्हर टाकल्या. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "टाकशील ना?" मी म्हटलं, "हो सर." अकरा ओव्हर टाकल्या, मॅच जिंकलो, सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि तिथेच कळ आली. पाठीच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. आठ महिने पट्टा. परत आलो तो ऑफस्पिनर म्हणून, आणि फार दिवस नाही.

सरांचा राग नाही आता. पण "टाकशील ना" हे शब्द अजून कानात आहेत. घोडबंदरवाले बरोबर सांगतायत.

---

नेरूळ_सेक्टर७ (शनिवार, रात्री ८:१५)

काका, तुम्ही २ नोव्हेंबरची पहाट सांगितलीत, मी त्याच दिवसाची संध्याकाळ सांगते. डी. वाय. पाटीलला, माझ्या घरापासून चालत, महिला वर्ल्ड कपची फायनल. पावसाने पाचला सुरू झाली. आपल्या २९८, आणि दक्षिण आफ्रिकेची वुल्वार्ट जमलेली. हरमनप्रीतने बॉल शफाली वर्माच्या हातात दिला. माझ्या शेजारचे आजोबा उठून उभे राहिले, "अगं हिला कशाला!" शफाली बॅटर, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून संघात आलेली. तिने पहिल्याच ओव्हरमध्ये लुसला स्वतःच्या बोलिंगवर झेलबाद केलं, पुढच्या ओव्हरला कॅपला. आपण ५२ धावांनी जिंकलो. आजोबा नंतर कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होते.

तुमच्या प्रश्नात तीन पर्याय आहेत आणि तिन्ही त्या एका पोराबद्दल. पण ग्लोव्ह धरेल तिथे बॉल टाकणारी मुलगी तुमच्याकडे आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात.

---

ऐरोलीकर (शनिवार, रात्री १०:५०)

ताई, तुमची शेवटची ओळ वाचून वही परत काढली. शुक्रवारच्या आधीच्या मॅचला तिने टाकलेल्या इनिंगमध्ये ११ पिच, ९ स्ट्राइक. मी हे लिहून ठेवलं होतं आणि पाहिलंच नव्हतं.

नऊ वाजता पोराच्या घरी जाऊन आलो. विचारलं नाही, सांगितलं. उद्या तू टाकणार नाहीस, फर्स्ट बेसला उभा राहशील, तिथे फेकावं कमी लागतं, आणि वही तुझ्याकडे. त्याने यामामोतोचं परत काढलं. मी म्हटलं, तो तेव्हा २७ वर्षांचा होता, त्याची हाडं जुळलेली आहेत, तुझी अजून जुळायची आहेत. तो काही बोलला नाही. आत निघून गेला. आई दारात उभी होती, म्हणाली, "सर, मला भीती वाटत होती, पण तुम्हाला कसं सांगायचं."

उद्या सुरुवात मुलगी करेल. मग जोरात टाकणारा, एका वेळी एकच इनिंग.

---

ऐरोलीकर (रविवार, दुपारी १२:२०)

हरलो, ६-५.

मुलीने चार इनिंग टाकल्या, ४७ पिच, दोनच वॉक. त्यांचे बॅट्समन एवढ्या हळू बॉलला सवयीचे नव्हते, आधीच बॅट फिरवून बसायचे. पाचव्यात जोरवाला आला, तीन वॉक, एक हिट, तीन धावा. पण या वेळी तो रडला नाही, उरलेले दोघं त्याने बाद केले. शेवटच्या इनिंगला आमचा एक थर्ड बेसवर होता आणि शेवटचा बॉल शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्ड बेसमधला फील्डर) हातात गेला.

पाचव्या इनिंगला बेस भरले तेव्हा पोराने फर्स्ट बेसवरून माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. अजून ते डोळ्यांसमोर आहे, खोटं कशाला सांगू. मी मान हलवली नाही.

मॅच संपल्यावर त्याने वही दिली. मुलीच्या ४७ च्या ४७ काड्या नीट, आणि उंच गेलेल्या पिचला त्याने स्वतःहून वेगळी खूण केली होती, मी हे कधी सांगितलं नव्हतं. फिजिओताई, ४७ म्हणजे तिने मंगळवारपर्यंत बॉलला हात लावायचा नाही, बरोबर ना? त्याचे तीन दिवस सोमवारी पूर्ण होतात. मंगळवारी साडेपाचला दोघांनाही मैदानावर बोलावलंय.

---

सानपाडा_फिजिओ (रविवार, दुपारी १:०५)

बरोबर, ४७ ला दोन दिवस, म्हणजे सोम आणि मंगळ. ती बुधवारी, तो मंगळवारी. मंगळवारी त्याचं कोपर आतल्या बाजूने दाबून बघा आणि पूर्ण सरळ होतंय का ते पाहा, दोन्ही हात शेजारी धरून. जरा जरी फरक वाटला तर बॉल देऊ नका, सानपाड्याला घेऊन या. पैसे घेणार नाही.